आप्पांच्या खुर्चीखालचं जांभूळ

केरबा म्हशीची धार काढत होता, तेव्हा सोमलिंग आप्पा गेल्याची बातमी आली. आप्पा पहाटे आंघोळ करून पूजेला बसले, लिंगाला बेल वाहिला आणि तसेच मागे भिंतीला टेकले. सुनेला वाटलं, ध्यान लागलंय. बाजूला ठेवलेल्या चहावर साय धरली तेव्हा तिने हाक मारली.

केरबाने चरवी खाली ठेवली आणि म्हशीच्या पोटाला कपाळ लावून तो रडला. म्हैस हलली नाही. आप्पा आणि तो एका वयाचे, कसबा बावड्यात एका गल्लीत वाढलेले. एकाने कापडाचं दुकान चालवलं, दुसऱ्याने ऊस पिकवला. आप्पा लिंगायत, केरबा मराठा. पण दोघांच्या आयांनी दोघांनाही सारखंच मारलं होतं. अशा माणसासाठी जेवढं रडायला हवं तेवढं रडून व्हायच्या आतच केरबा एकदम थांबला.

"आयला," तो म्हशीला म्हणाला, "फ्रिज!"

जिवंत माणूस आपलं कपाट स्वतः सांभाळतो. तो मेला की ते काम भावकी करते. आणि आप्पांच्या मागच्या खोलीतल्या जुन्या फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, चार बाटल्या होत्या.

बाटल्या बिअरच्या होत्या. केरबाचा पुतण्या राजवर्धन पुण्यात बिअर बनवण्याच्या एका लहान कारखान्यात कामाला होता. उन्हाळा लागला की तो फळांची आंबट बिअर घेऊन यायचा. पहिल्यांदा आणली तेव्हा केरबाने एक घोट घेतला आणि उसाच्या सरीत थुंकला. "ही बिअर न्हाय लेका, इटलेलं ताक हाय!" आप्पा शेजारी बसले होते. जन्मात त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता. पण बाटलीवर कोकमाचं चित्र होतं, ऊन मी म्हणत होतं, आणि आप्पांचा जीव लहानपणापासून आंबटावर. त्यांनी पेला उचलला, घोट घेतला, डोळे मिटले. तोंडाचा चंबू झाला.

"केरबा," ते म्हणाले, "तुझा पुतण्या चुकीचं काय करत न्हाय."

तेव्हापासून उन्हाळ्यातल्या संध्याकाळी दोघे केरबाच्या शेतात, पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायचे. दोघांत एक बाटली, स्टीलचे दोन पेले. कैरीच्या बिअरला मीठ आणि जिरं असायचं. कोकमाची दोन्ही जबडे आत ओढायची. करवंदाची पिऊन झाली की जीभ झाडाच्या सालीसारखी कोरडी पडायची, आणि त्यातच तिची मजा होती. जांभळाची सगळ्यात खोल. ती आली की दोघे बराच वेळ बोलायचेच नाहीत.

अडचण एकच होती. आप्पा व्यसनमुक्ती मंडळाचे उपाध्यक्ष होते. अध्यक्ष गणपतराव मास्तर यांच्या शेजारी बसून त्यांनी कितीतरी सभांत भाषणं केली होती. गावातल्या बायका नवऱ्याला समोर बसवून सांगायच्या, "आप्पांच्याकडं बघा जरा." आप्पांना मात्र त्यात खोटं वाटायचं नाही. ते म्हणायचे, "लोक पित्यात ते इसरायला. आपण पितोय ते ध्येनात ऱ्हायला."

केरबाच्या घरी बाटली ठेवायची सोय नव्हती. त्याच्या बायकोचं नाक फार तयार होतं. आप्पांच्या फ्रिजवर मात्र जगात कुणी संशय घेतला नसता. म्हणून बाटल्या कागदी पिशवीत तिथे राहायच्या आणि पिशवीवर आप्पांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं: 'केरबाच्या म्हशीचं औषध. हात लावू नये.' आप्पांची सून पवित्रा काळजीने विचारायची, "काका, म्हस अजून बरी न्हाय व्हय?"

"जुनाट दुखणं हाय पोरी. उन्हाळ्यात उसळतंय."

केरबा पोचला तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे आप्पांना खुर्चीत बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात रुद्राक्ष, वर झेंडूचा जाडजूड हार, आणि मान सरळ राहावी म्हणून पांढरा पंचा कपाळावरून मागच्या खांबाला बांधलेला. मुलगी शिवांजली धारवाडहून निघाली होती. ती आल्याशिवाय उठवायचं नाही, असं ठरलं होतं. मे महिन्याचं ऊन, त्यात सकाळपासून वीज नव्हती. म्हणून खुर्चीखाली मोठं टोपलं ठेवून त्यात बर्फ भरला होता आणि वर गोणपाट टाकलं होतं.

केरबाने दोस्ताकडे पाहिलं. आप्पा नेहमीसारखेच दिसत होते, फक्त कंटाळल्यासारखे.

"बस, केरबा," गणपतराव मास्तर गंभीर आवाजात म्हणाले. सगळी व्यवस्था त्यांनीच हातात घेतली होती. "मंडळाचा खांब गेला."

"व्हय," म्हणून केरबा बसला नाही. तो थेट मागच्या खोलीत गेला. तिथे पवित्रा फ्रिजसमोर उभी होती आणि दार उघडं होतं.

"बरं झालं आलासा, काका. लाईट न्हाय, आतलं सगळं काढालोय. ते तुमच्या म्हशीचं औषध तापलंय बघा. नासतंय का ते?"

"नासतंय... म्हंजे... दे हिकडं."

पिशवी हातात घेतली तेव्हा ती कोमट लागली. राजवर्धनने बजावलं होतं, "काका, ही जिवंत बिअर हाय. उबेत ठेवली तर आतल्या आत पिकत ऱ्हात्या आन् फुटत्या." केरबा पिशवी काखेत मारून परसदाराकडे निघाला. दाराच्या उंबऱ्यावर शेजारच्या अंबूबाई ठाण मांडून बसल्या होत्या.

"कुठं निगालास?"

"घराकडं. म्हशीचं औषध हाय."

"ठेव आत. मयत उठल्याबगर घरातली वस्तू भाईर जात न्हाय."

"अंबूबाई, म्हस मरंल की!"

"म्हस मेली तर दुसरी मिळंल. ह्या घरातलं दुसरं मानूस गेलं म्हंजे? आप्पांचा पोरगा म्हांतेश आधीच कालपासनं खोकालाय."

केरबा मागे फिरला. पुढच्या दाराला गणपतराव, मागच्या दाराला अंबूबाई, मधल्या घरात बायका, माजघरात आप्पांची बायको बसव्वा भिंतीला टेकून बसलेली. तिने एकदा केरबाकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. केरबाला भडभडून आलं. तेवढ्यात काखेतून बारीक 'स्स्स' असा आवाज आला, आणि त्याचं रडू जागच्या जागी आटलं.

बाटली फुटली तर नुसती बाटली फुटणार नव्हती. पिशवीवर अक्षर आप्पांचं होतं आणि फ्रिजही आप्पांचा. माणूस अजून खुर्चीत बसलेला असताना त्याचं जन्मभराचं नाव गटारात गेलं असतं. केरबाने घरभर नजर फिरवली. सगळ्या घरात थंड अशी जागा एकच होती.

त्याला लाज वाटली. पण लाजेपेक्षा ऊन जास्त होतं. तो अंगणात आला, आप्पांच्या पायाशी बसला आणि गोणपाट उचलून बर्फ नीट करू लागला. मनात म्हणाला, 'सोम्या, जरा सांभाळ. दुपारपर्यंतच.' एकेक करून चारही बाटल्या त्याने बर्फात खोल सारल्या, रिकामी पिशवी चुरगाळून बंडीच्या खिशात कोंबली आणि वर गोणपाट टाकलं.

"बघा," गणपतराव शेजारच्याला म्हणाले, "बोटं बधिर झाली, तरी दोस्ताचा बर्फ सारखा करालाय. मैत्री असावी तर अशी."

चार-दोन बायकांनी डोळे पुसले. केरबा मान खाली घालून बसला. विधी करायला जंगमस्वामी आले आणि भजन सुरू झालं. झांजा वाजू लागल्या. पहिलं पद संपत आलं तेव्हा केरबाच्या ध्यानात आलं, की तापलेल्या काचेला एकदम गार लागलं की काय होतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. कंदिलाच्या कितीतरी काचा त्याने तशाच फोडल्या होत्या.

आणि खुर्चीखाली बार झाला.

झांजा थांबल्या. खुर्ची हादरली, पंच्याची गाठ सुटली आणि आप्पांची मान हळूच डावीकडे वळली. गळ्यातला हार घसरला. खुर्चीखालून जांभळटलाल फेस निघाला आणि अंगणाच्या फरशीवरून, सावकाश, लोकांच्या दिशेने येऊ लागला.

मग मागून अंबूबाईंचा आवाज आला, "कपाळमोक्ष! कपाळमोक्ष झाला आप्पांचा!"

"ओ मावशी," कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "त्यो जाळताना हुतोय. ह्यांच्यात पुरत्यात."

"मग ह्यो आवाज कशाचा?"

"रगत हाय ते! मेलेल्या मानसाचं रगत व्हातंय व्हय?"

"मान हलली! मी बघितली. सोताहून हलली!"

पुढचं वाक्य कुणी उच्चारलं ते कळलं नाही, पण ते सगळ्या अंगणातून एकदम आलं: "आप्पा जित्ते हायत!"

महांतेश बापाच्या पायावर पडला. "आप्पा! ओ आप्पा! डोळं उगडा की!" कुणी पाणी आणायला धावलं, कुणी डॉक्टरला आणायला. कुणी आप्पांच्या तोंडावर वारा घालू लागलं. अंबूबाई तळवे चोळायला बसल्या आणि तळवे गार आहेत म्हणून जास्त जोरात चोळू लागल्या. गणपतराव "बाजूला व्हा, हवा येऊ द्या!" म्हणत स्वतःच सगळी हवा अडवून उभे राहिले.

केरबा हे बघत होता. त्याला वाटलं, डॉक्टर येईल, नाडी बघेल, नाही म्हणेल आणि संपेल. तोवर गप्प बसावं. टोपल्यात कोण बघतंय? सोम्याचं नाव राहील.

तेवढ्यात महांतेशने फोन लावला. "शिवाक्का! आक्का, रडू नकोस! आप्पा हलले! व्हय, आत्ता! मी डोळ्यांनी बघितलं. कुठंपतुर आलाईस? आक्का, आप्पा हायत गं, आपले आप्पा हायत!"

फोनमधून पोरीचं रडणं सगळ्या अंगणाला ऐकू आलं. ते दुःखाचं रडणं नव्हतं. शिवांजली लहान असताना केरबाने तिला उसाच्या गाडीवर बसवून फिरवलं होतं. त्याला ते ऐकवेना.

"म्हांतेश," तो उठला. "फोन ठिव."

"काका, आप्पा..."

"तुझा बा मेलाय, लेकरा. सकाळीच मेलाय. ही बाटली फुटल्या."

त्याने गोणपाट बाजूला केलं. फुटक्या बाटलीचा गळा बर्फात उभा होता, बुचासकट. तिच्या भोवती तीन बहिणी धडधाकट होत्या. आंबट, पिकला वास अंगणभर पसरला.

"काय हाय हे?" गणपतरावांनी विचारलं. आवाज मास्तरांचा होता.

"बिअर."

"मयताखाली दारू?"

"दारू न्हाय, मास्तर. बिअर हाय. जांभळाची. खरं जांभूळ असतंय हिच्यात." हे सांगायची गरज नव्हती, हे केरबाला बोलल्यावर कळलं.

"कुणाची हाय?"

केरबाने आप्पांकडे पाहिलं. मान अजून डावीकडे वळलेली होती, जणू या प्रश्नाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

"माझी."

"आणि आप्पांच्या खाली का ठेवलीस?"

केरबाला खोटं सुचलं नाही. सकाळपासून तो इतकं खोटं बोलला होता, की शिल्लकच राहिलं नव्हतं. "गार ऱ्हावी म्हणून," तो म्हणाला.

अंगणातून जो आवाज उठला, तसा कसबा बावड्यात कुस्तीच्या मैदानातही उठला नसेल. कुणी त्याच्या सात पिढ्या काढल्या, कुणी त्याच्या म्हशीला मध्ये आणलं. गणपतरावांनी त्याची बंडी धरली. "जन्मभर ज्या माणसानं दारूबंदी केली, त्याच्या बर्फात तू बाटल्या गार करतोस? भाईर हो!" महांतेशने मात्र फोन पुन्हा कानाला लावला होता. "आक्का... न्हाय गं. न्हाय. चुकलं माझं. मेलेतच." केरबाला सगळ्या शिव्यांपेक्षा ते जास्त लागलं. एका लेकीला तिचा बाप एका दिवसात दोनदा मारून दाखवला होता.

शिवांजली आल्यावर आप्पांना उठवलं, पण अंत्ययात्रेत कुणी केरबाला जवळ येऊ दिलं नाही. तो सगळ्यांच्या मागून, हलगीचा आवाज धरून चालला. दफनभूमीत लोकांनी बेल, विभूती आणि मूठमूठ माती दिली. केरबा कुंपणाबाहेर उभा राहिला. सगळे गेल्यावर तो आत गेला आणि आपली मूठ त्याने ओल्या मातीवर सोडली. "नाव राखलं तुझं," तो म्हणाला. "माझं न्हाय ऱ्हायलं, पण माझं हुतं कुठं एवढं?"

घरी बायकोने ताट पायाने सरकवलं. चौकात लोक विचारू लागले, "काय केरबा, गार हाय का?" शिवगणाराधनेच्या, म्हणजे आप्पांच्या दिवसांच्या जेवणाला तो जाणारच नव्हता. पण गणपतराव मास्तर स्वतः त्याला बोलवायला आले. तेवढ्यावरूनच त्याने ओळखायला हवं होतं.

मांडवात आप्पांचा मोठा फोटो होता, समोर माईक. गणपतराव बोलायला उभे राहिले. "मंडळी, त्या दिवशी आपण सगळ्यांनी पाहिलं. आप्पांच्या देहात प्राण नव्हता. पण दारूचा स्पर्श होताच त्या देहाने काय केलं? मान फिरवली! मेल्यावरसुद्धा आप्पांनी दारूला नाही म्हटलं!"

मांडवात हुंदके फुटले. अंबूबाईंनी फोटोला हात जोडले. केरबा थक्क होऊन ऐकत होता. त्याने दोस्ताचं नाव वाचवलं होतं, पण ते एवढं वर जाईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"म्हणून," मास्तर म्हणाले, "आजपासून आप्पांच्या फोटोसमोर व्यसनमुक्तीची शपथ दिली जाईल. पहिली शपथ घेईल तो, ज्याला खुद्द आप्पांनी मान फिरवून शिकवलं. केरबा, पुढे ये."

सगळ्या मांडवाने मान वळवली. केरबाला खरं सांगता आलं असतं. दोन वाक्यांत सगळं झालं असतं. पुढच्या रांगेत महांतेश होता, त्याच्या शेजारी शिवांजली, डोळे सुजलेली, बापाच्या फोटोकडे अभिमानाने बघणारी. केरबा उठला. फोटोवर हात ठेवून मास्तरांच्या मागून शपथ म्हणू लागला. मास्तरांनी तयारी चांगली केली होती. "मी आजपासून कोणत्याही प्रकारची, कोणत्याही चवीची, कोणत्याही फळाची..."

"कैरीची पण?" केरबाने हळूच विचारलं.

"कैरीची पण."

"...कोणत्याही फळाची दारू वा बिअर मरेपर्यंत पिणार नाही."

टाळ्या झाल्या. जेवणाच्या पंगती बसल्या. केरबा पंगतीला न बसता निरोप घ्यायला मागच्या खोलीत गेला. बसव्वा तिथे एकटीच चटईवर बसली होती.

"वैनी, येतो."

"बसा, अण्णा." तिने दार लोटून घेतलं. "खोटं बोललासा तुमी त्या दिवशी."

केरबा चटईच्या कडेला बसला. "तुमास्नी म्हाईत हुतं?"

"एवढी वरसं संसार केला. नवऱ्याच्या तोंडाचा वास बायकोला कळत न्हाय व्हय?"

"मग मास्तर मला भाईर काढत हुते तवा बोलला न्हाईसा?"

"तुमी यांचं नाव राखत हुतासा. मी कशाला घालवू?" ती उठली. माठाखालच्या ओल्या वाळूत हात घालून तिने एक बाटली काढली. "एकच फुटली. बाकीच्या मी गोणपाटासकट आत आणल्या. कुणाच्या ध्येनात आलं न्हाय."

केरबाने बाटलीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "नको, वैनी. शपथ झाली आत्ताच. सोम्याच्या फोटोवर."

"तुमी घेतलीसा," बसव्वा म्हणाली. "मी न्हाय."

तिने बूच उलथन्याने उडवलं आणि पेल्यात ओतलं. फेस वर आला, जांभळा, आणि बसला. बाहेर माईकवर दुसरा कुणीतरी शपथ घेत होता. बसव्वाने घोट घेतला आणि तिचे डोळे घट्ट मिटले.

"आंबट हाय की ओ!"

"लगेच गिळू नका," केरबाच्या तोंडून निघून गेलं. "तोंडात धरा जरा. गालाच्या कडंला जाऊ द्या. आता गिळा... थांबा, बोलू नका."

ती थांबली. केरबाही थांबला, तिच्या चेहऱ्याकडे बघत. हळूहळू तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. मग तिचे डोळे भरून आले आणि ती पेल्यात बघत राहिली.

"मला कधी दिलं न्हाय बघा यांनी," ती म्हणाली. "इतक्या वरसांत एकदा इचारलं सुदीक न्हाय."

केरबानेही कधी विचारलं नव्हतं, ना तिला, ना आपल्या बायकोला. बसव्वाने पेला रिकामा केला आणि चटईवर ठेवला. मास्तरांच्या शपथेत सगळी फळं होती, सगळ्या चवी होत्या, पण ओतण्याबद्दल काही नव्हतं. केरबाने बाटली उचलली, पेला तिरका धरला आणि फेस फार होऊ न देता काठोकाठ भरून दिला.